पॅक म्हणण्याची विद्या

पत्त्यांच्या डावात पैसे घालवणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना वाईट पानं येतात ती. आणि दुसरी, ज्यांना बरी पानं येतात ती. पहिल्यांची काळजी करायचं कारण नाही. दुर्री, पंजी, नव्वी असला पाचोळा हातात आला की शहाणा काय आणि वेडा काय, पानं टाकून देतो आणि चहा मागवतो. घरदार जातं ते दुसऱ्यांचं! यांच्या हातात राण्यांची जोडी असते, समोरच्याकडे राजांची असते, आणि राण्यांच्या रूपावर भाळलेला हा गृहस्थ आधी पाकीट, मग मनगटावरचं घड्याळ आणि शेवटी घरी सांगायची थाप, या क्रमाने एकेक वस्तू बाहेर काढत जातो.

पोकर नावाच्या खेळाचा दोनशे वर्षांचा इतिहास हा बराचसा या दुसऱ्या प्रकारच्या माणसांचाच इतिहास आहे.

आता तुम्ही म्हणाल, पोकरशी आपला काय संबंध? आपण मराठी माणसं. रमी खेळणार, तीही पैशावर नव्हे, चिंचोक्यांवर. पण दिवाळीच्या जागरणात ज्यांनी तीन पत्तीला हात लावला असेल (मी नावं विचारत नाही), त्यांना पोकर परका नाही. इंग्रजांचा 'ब्रॅग' नावाचा तीन पानांचा एक जुना खेळ आहे; आपली तीन पत्ती त्याच घराण्यातली, आणि पोकरही त्याचा नातेवाईक. जोडी, सिक्वेन्स, कलर ही मंडळी दोन्हीकडे आहेत. आणि आपण ज्याला 'पॅक' म्हणतो, म्हणजे पानं पालथी टाकून डावातून अंग काढून घेणं, तेही तिथं आहे. नवशिक्याची अडचण एवढीच, की सगळा खेळ त्याला तासाभरात येतो, पण हा दोन अक्षरी शब्द काही तोंडातून फुटत नाही.

याचं मूळ मला खेळाच्या जन्मातच दिसतं. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत न्यू ऑर्लीन्स शहरात आणि मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटींत हा खेळ वाढला. तेव्हा पत्ते होते फक्त वीस. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, बस्स! खेळणारे चार, प्रत्येकाला पाच पानं, की जोड संपला. गंमत अशी, की या वीस पानांत ज्याच्या हाती निदान एक जोडीही नाही असा माणूस शंभरात सहा-सातच सापडायचे. म्हणजे जो तो आपल्या पानांकडे पाहून मनातल्या मनात खूश! पुढे बावन्न पानांचा पूर्ण जोड आला. त्यात पाच पानं वाटली की निम्म्या वेळा हातात काहीच नसतं. जोडीसुद्धा नाही. पत्ते बावन्न झाले. माणूस मात्र वीसावरच राहिला. आपल्या हातात काहीतरी असणारच, ही त्याची श्रद्धा अजून ढळलेली नाही.

त्या बोटींवर कापूस विकून आलेले मळेवाले खिसे भरून बसत, आणि ते खिसे हलके करण्याची सोयही बोटीवरच असे. जॉर्ज डेव्हॉल नावाच्या एका पट्टीच्या लबाडाने १८८७ साली आपल्या चाळीस वर्षांच्या जुगारी कारकिर्दीवर जाडजूड पुस्तक लिहिलं आहे. भांडण झालं की हा गृहस्थ एडक्यासारखी डोक्याने टक्कर देई, आणि त्या टकरीचा त्याला भारी अभिमान. पोकरमध्ये लोकांना नागवून त्याने अपरंपार पैसा मिळवला. आणि तो गेला कुठे? तर 'फॅरो' नावाच्या दुसऱ्या जुगारात! एका टेबलावरचा उस्ताद पलीकडच्या टेबलावर शुद्ध नवशिक्या. आपल्याकडे नाही का, दुसऱ्यांच्या घराचे व्यवहार चोख जुळवून देणारा माणूस स्वतःच्या घराला गळकी गच्ची घेऊन बसतो!

नवशिक्याची सर्वांत लाडकी चूक म्हणजे मधली सत्ती. पुढे पोकरमध्ये पानं बदलून घ्यायची सोय झाली, तेव्हापासून हिचा जन्म. हातात पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी आहे. एक पान बदलून मिळणार आहे. मध्ये फक्त सत्ती हवी. आली की सिक्वेन्स! न पाहिलेली पानं उरली सत्तेचाळीस, त्यांत सत्त्या चार. म्हणजे साधारण बारा वेळा वाट पाहावी तेव्हा ती बया एकदा येणार. हा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल. पण नवशिक्या हिशेब करत नसतो, तो सत्तीची वाट पाहत असतो. ''आज येणार बघ, मला आतून वाटतंय!'' या 'आतून वाटण्या'वर कितीतरी संसार उघड्यावर आले आहेत.

या चुकीची थोरली बहीण म्हणजे 'आता एवढे घातलेच आहेत तर...' बसस्टॉपवर पाऊण तास उभा असलेला माणूस रिक्षा का करत नाही? पाऊण तास उभा आहे म्हणून! पाच मिनिटंच झाली असती तर केव्हाच निघून गेला असता. टेबलाच्या मध्यावर पडलेले पैसे एकदा पडले की ते आपले राहत नाहीत, जिंकणाऱ्याचे होतात. नवशिक्याला मात्र ते शेवटपर्यंत आपलेच वाटतात. पंचवीस वाचवायला तो पन्नास टाकतो, आणि पन्नास वाचवायला शंभर. शकुनीने धर्मराजाविषयी आधीच सांगून ठेवलं होतं की याला द्यूताची आवड आहे, पण खेळता येत नाही. पुढचं आपण जाणतोच. आणि द्रौपदीच्या पुण्याईने सगळं परत मिळाल्यावर, बोलावणं येताच हा सत्पुरुष पुन्हा पटावर हजर!

ज्याला उठता येत नाही त्याचं काय होतं, याचा सर्वांत भयंकर दाखला डेडवुड गावातला. २ ऑगस्ट १८७६. वाइल्ड बिल हिकॉक हा नामांकित बंदूकबाज गुत्त्यात पोकर खेळायला आला. भिंतीला पाठ लावून बसायचा त्याचा शिरस्ता, कारण शत्रू पुष्कळ. त्या दिवशी रिकामी खुर्ची एकच, तीही दाराकडे पाठ असलेली. भिंतीकडच्या गड्याला त्याने जागा बदलून मागितली. तो नाही म्हणाला. पुन्हा मागितली, पुन्हा नाही. आता इथं कोणीही सांगेल, बाबा रे, आज राहू दे, घरी जा. पण डाव सुरू होता! जॅक मकॉल मागून आला आणि त्याने डोक्यात गोळी घातली. बिलाच्या हातात तेव्हा दोन एक्के आणि दोन अठ्ठ्या होत्या अशी आख्यायिका आहे. म्हणजे पुन्हा तेच, बरी पानं!

बरं, अनुभवाने तरी शहाणपण येतं म्हणावं, तर तेही नाही. मार्च १९४६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन आणि पंतप्रधानपद गेलेले चर्चिल आगगाडीने मिझुरीतल्या फुल्टनला निघाले होते. वाटेत पोकरची बैठक बसली. आपण बोअर युद्धापासून खेळतो आहोत, असं चर्चिलसाहेबांनी जाहीर केलं. ट्रुमन यांनी आपल्या मदतनिसांना बजावलं, सांभाळून खेळा, देशाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. तासाभरात उघड झालं की साहेबांचा उत्साह दांडगा आहे आणि खेळ यथातथाच. चिप्सचा ढीग वितळू लागला. साहेब जरा बाहेर गेल्याबरोबर ट्रुमन म्हणाले, पाहुण्याला असं लुटायचं नाही. मदतनीस म्हणाले, ते आधी ठरवा, पाहुणचार करायचा की इभ्रत राखायची! मग सगळ्यांनी हात आखडता घेतला, आणि साहेब अडीचशे डॉलरच्या आसपास हरून सुटले. हिटलरपुढे पानं टाकायला साफ नकार देणारा हा माणूस. पण जो हट्ट महायुद्धात तारतो तो आगगाडीतल्या टेबलावर बुडवतो.

२००३ मध्ये टेनेसीचा एक हिशेबनीस लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ८३८ खेळाडूंना मागे टाकून पंचवीस लाख डॉलर जिंकला. आडनाव चक्क मनीमेकर! हातात काही नसताना त्याने मारलेली एक थाप टेलिव्हिजनवर सगळ्यांनी पाहिली. पुढच्या वर्षी स्पर्धेला २,५७६ जण आले. थाप सगळ्यांना दिसली होती. त्याने निमूटपणे टाकून दिलेली पानं किती होती, ते कोणी मोजलं नाही.

आता एक सद्गुणी नवशिक्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलातला एक तरुण अधिकारी पॅसिफिकच्या बेटांवर होता. आई कर्मठ क्वेकर पंथाची, घरी जुगाराचं नाव नाही. त्याने जाणत्या सोबत्याला विचारलं, जिंकायचा खात्रीचा मार्ग आहे का? उत्तर मिळालं, आपली पानं सर्वांत भारी आहेत अशी खात्री असेल तरच डावात राहायचं. हा पठ्ठ्या तसाच खेळला. बहुतेक वेळा पॅक, पॅक, पॅक! लोक कंटाळले असतील, पण तो काही हजार डॉलर घेऊन घरी आला, आणि त्यातले काही त्याने १९४६ च्या पहिल्या निवडणुकीत घातले. त्याचं नाव रिचर्ड निक्सन.

हाच निक्सन पुढे अध्यक्ष झाला. १७ जून १९७२ च्या रात्री त्याची माणसं वॉटरगेटच्या इमारतीत चोरी करताना सापडली. हातात पानं वाईट होती, आणि ती वाईट आहेत हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. पण आता मध्यावर नुसते डॉलर नव्हते, खुर्ची होती. तो चाल देत गेला. एकेक सहकारी टेबलावर टाकत गेला. ध्वनिफिती द्यायच्या नाहीत म्हणून भांडत राहिला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने 'शो' मागितला. बेटावर दर डावाला सहज उच्चारलेला तो दोन अक्षरी शब्द त्याला ९ ऑगस्ट १९७४ रोजी उच्चारावा लागला. एवढ्यासाठी जवळजवळ सव्वीस महिने लागले!