कणा बदलत गेला, ब्रेक मागे राहिला

यवतमाळ जिल्ह्यातला माल कित्येक पिढ्या चाकावाचूनच चालला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वऱ्हाडचा कापूस लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला नेत, आणि तिथून तो गंगेतून कलकत्त्याला जाई. या लदेणीत ना कणा होता, ना वंगण. उतार आला की बैल आपले पाय आपणच रोवी. रेल्वे आणि गाडीरस्ते आल्यावर हा धंदा बसला आणि तांडे शेतीकडे वळले. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचे पुसद तालुक्यातले गहुली हे त्याच लमाण-बंजारा समाजाचे गाव.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला रूळ नागपूरला पोचला. यवतमाळ, तेव्हाच्या नावाने वणी जिल्हा, या रुळाच्या दक्षिणेला राहिला. म्हणजे कापूस धामणगावसारख्या स्टेशनापर्यंत नेणे भाग होते आणि हे काम बंडीने, म्हणजे बैलगाडीने, उचलले.

बंडी हे लोहार आणि सुतार यांचे सामायिक काम. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर लाकडी पुट्ट्यांचे कडे आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चढवणे हा गावात बघण्यासारखा प्रकार असे. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान घडवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून फुगवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसताना पुट्ट्या, आरे आणि तुंबा असे काही आवळून धरते, की खिळ्यांची गरज फारशी उरत नाही. सुताराने सांध्यात कसूर ठेवली असेल, तर ती याच वेळी करकरून बोलते.

या चाकांना पेलणारा कणा आधी लाकडी होता. काळ्या मातीत भरली बंडी रुतली, एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर राहिले, की कडाडून मोडे तो कणाच. लोखंडी कणा आला, तुंब्यात लोखंडी नळी बसली आणि बंडीचा पहिला मोठा बदल झाला. चाक निसटू नये म्हणून टोकाला ‘कुणी’ नावाची खीळ आणि बंडीखाली लोंबणारे वंगणाचे नळकांडे, एवढ्यावर कापसाचा हंगाम निघू लागला. लोखंडावर लोखंड घासत असल्यामुळे बंडी जड चाले, हे खरे. पण तेच घर्षण उतारावर तिला थोडे आवरून धरी, आणि या फायद्याची जमाखर्चात कोणी नोंद केली नाही.

कारण ब्रेक नव्हताच. पुसदहून वाशिमकडे जाताना खंडाळा घाट लागतो. अशा उतारावर भरल्या बंडीचे सारे ओझे जुवातून बैलांच्या मानेवर आणि शिंगांच्या मुळाशी येते. कुठे धावेवर दाबायला लाकडी ठोकळा आणि दोर, कुठे मागे बांधलेला ओंडका, नाहीतर गाडीवान स्वतः उतरून मागे लोंबकळणार. ओढायची सोय करण्यावर जेवढे डोके लढवले गेले, त्याच्या चौथाईही थांबवण्यावर लढवले गेले नाही. पुढच्या प्रत्येक वाहनाची गोष्ट जवळजवळ हीच आहे.

रूळ अखेर यवतमाळला आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, किलिक निक्सन कंपनीच्या अरुंद मार्गाने. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या त्या रुळांवर मूर्तिजापूरपर्यंतच्या सुमारे ११३ किलोमीटरच्या वाटेवर शकुंतला नावाची गाडी धावू लागली. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले आणि मग डिझेल इंजिन आले. पण अरुंद आसाचा डबा रुंद रुळावर जात नाही, म्हणून मूर्तिजापूरला गठाणी उतरवून दुसऱ्या डब्यात चढवाव्या लागत. गाडी वेळखाऊ होती. बंडीचे राज्य त्यामुळे बुडाले नाही, तिचा पल्ला फक्त स्टेशनापुरता आणि जिनिंगपुरता आखूड झाला.

बंडीचा खरा कायापालट रबराने केला. डनलॉपने १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंज येथे कारखाना काढला आणि जनावराने ओढायच्या गाड्यांसाठी हवेचे टायर हळूहळू देशभर पोचले. नव्या टायरगाडीचा कणा चौकोनी पोलादी आणि चाकांत छऱ्यांचे बेअरिंग. पुष्कळांनी तर नवा कणाही घेतला नाही. भंगारात निघालेल्या मोटारीचा मागचा कणा, तिचीच चाके आणि वर साटा, एवढ्यात बंडी तयार. तोच बैलजोडा आता दीडपट-दुप्पट माल ओढू लागला. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे एन. एस. रामस्वामी १९७० च्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेमागे लागले, तेव्हा देशात सुमारे दीड कोटी बैलगाड्या असल्याचा अंदाज मांडला जात होता. जनावराच्या मानेवरचा भार आणि ब्रेकचा अभाव या दोन्ही गोष्टी त्यांच्या तक्रारीत होत्या.

तक्रार रास्त होती. रबर आणि बेअरिंगने घर्षण काढून टाकले, म्हणजे चढावर बैलाचे काम हलके झाले आणि उतारावर दुप्पट झाले. माल वाढला, आवरणारे घर्षण गेले आणि ब्रेक जिथल्या तिथे राहिला. मोटारीचा कणा बंडीखाली आला तेव्हा त्याचे ब्रेक बहुधा सोडूनच दिलेले असत. ते दाबायला पॅडल कुठून आणायचे?

अशा कण्याचा एक मूळ धनी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या मागच्या हौजिंगमध्ये पिनियनला, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या लहान दातेरी चाकाला, ८ दात आणि क्राऊनला, म्हणजे त्याने फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाला, ३९. म्हणजे चाक एक फेरा घेईपर्यंत शाफ्टचे जवळजवळ पाच फेरे, नेमके ४.८८. युद्ध संपता संपता १९४५ मध्ये हीच जीप शेतकऱ्यासाठी निघाली, तेव्हा कंपनीने क्राऊनचे दात ४३ केले आणि प्रमाण झाले ५.३८. नांगर ओढायला दहा टक्के जास्त जोर, रस्त्यावर दहा टक्के कमी वेग. १९४० च्या दशकाअखेर महिंद्रने मुंबईत जीप जोडायला घेतली आणि हे दातांचे गणित आपल्याकडेही आले.

पुढे पेट्रोल महागले आणि जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली. डिझेल सावकाश फिरते. ५.३८ च्या कण्यावर ते वेग वाढताच ओरडू लागे, म्हणून आता उलटे हवे होते, कमी प्रमाणाचा कणा. काळी-पिवळी जीपमध्ये सवाऱ्या कोंबून गावोगाव फिरणाऱ्यांना वेग हवा, शेतमाल वाहणाऱ्यांना ओढ हवी. एकाच्या दृष्टीने सुधारणा ती दुसऱ्याच्या दृष्टीने बिघाड.

भंगारातला कणा घेताना प्रमाण ओळखायची युक्ती मिस्त्री लोक आजही वापरतात. कणा ठोकळ्यांवर उचलायचा, एक चाक घट्ट धरायचे, दुसरे पूर्ण दोन फेरे फिरवायचे आणि पिनियनच्या तोंडावर खडूची खूण करून तिचे फेरे मोजायचे. पाचाच्या आत थांबले तर ४.८८, पाच ओलांडून तिसऱ्या हिश्शाच्या थोडे पुढे गेले तर ५.३८. मग काम हाताचे: यू-बोल्ट सोडायचे, जॉइंटचे चार बोल्ट, ब्रेकचा पाइप, असली तर हँडब्रेकची तार, नव्या कण्यावर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकी जुळवायच्या. चारही चाकांना जोर देणारी जीप असेल तर पुढचा कणाही बदलावाच लागतो, नाहीतर पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्स्फर केसचे दात जातात. स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो तो वेगळाच.

ब्रेकचा विचार इथेही शेवटी आला. युद्धातल्या जीपचे ड्रम ९ इंची, पुढच्या पिढ्यांत ते ११ इंची झाले. ड्रम मोठा म्हणजे शू मध्यापासून लांब घासतो, जोर वाढतो, आणि उष्णता पसरायला जागाही जास्त मिळते. म्हणून मोठ्या ड्रमचा मागचा कणा बसवणे हे एका दगडात दोन पक्षी मारणे वाटते. पण मागचा ब्रेक फार तगडा झाला, तर रिकामी गाडी जोरात ब्रेक दाबताच मागून घसरते. कापूस उतरवून परतणाऱ्या पिकअपला हाच धोका. म्हणून आजच्या अनेक पिकअपमध्ये मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या झुकण्याला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल असेल तर तो मागे जास्त दाब सोडतो, रिकामी असेल तर कमी. कणा बदलून त्या व्हॉल्व्हची दांडी तशीच ठेवली, तर सगळा हिशोब चुकतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या रचनेत बदल करायला मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरले. यवतमाळच्या एमएच-२९ पाटीच्या जुन्या जीपांखाली दुसऱ्याच गाडीचा कणा असेल, तर तपासणीत तो अडचणीचा ठरतो. बैलबंडीला असली तपासणी नाही. तिच्याखालच्या मोटारीच्या कण्याचे ड्रम आजही बहुतेक ठिकाणी रिकामेच फिरतात, आणि आतले शू शाबूत असतील तर ती चूक दुरुस्त करायला एक लिव्हर आणि एक तार पुरते. गावच्या लोहाराने ती बसवून द्यावी आणि बंडीवाल्याने त्याचे पैसे खळखळ न करता द्यावेत.