उतरलेली बॅटरी : एका शिशाच्या पेटीचा इतिहास



पहाटेची वेळ असते. दूध डेअरीवर पोचवायचे असते, किंवा एखाद्या बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे असते. जीपची किल्ली फिरवावी, तर इंजिन नुसते ‘कट्’ करून गप्प बसते. जाणता मनुष्य सांगतो, “बॅटरी उतरली.” मग चार माणसे गाडीला धक्का मारतात. कोणी शेजारच्या ट्रॅक्टरवरून दोन तारा ओढून आणतो. कोणी पेटीची बुचे उघडून आत पाणी आहे की नाही ते पाहण्यासाठी काडी ओढतो. या शेवटच्या उद्योगात कित्येकांचे चेहरे भाजले आहेत आणि काहींचे डोळेही गेले आहेत.

पेटीवर सूचना छापलेल्या असतात. विस्तव जवळ आणू नका, लाल तार लालला जोडा, आम्ल अंगावर घेऊ नका. परंतु असे का, हे कोणी सांगत नाही; आणि ज्या नियमाचे कारण कळत नाही तो नियम घाईच्या वेळी हटकून मोडला जातो. यातील प्रत्येक नियमाचे कारण या पेटीच्या इतिहासात सापडते. म्हणून आज तो इतिहास थोडक्यात पाहू.

इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने 1800 साली दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या एकीवर एक रचल्या, त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या ठेवल्या आणि या उतरंडीतून विजेचा अखंड प्रवाह मिळवला. आपल्या हातातल्या विजेरीचे मूळ हेच. ही वार्ता इंग्लंडात पोचली आणि त्याच वर्षी निकोल्सन व कार्लाइल या दोघांनी तसाच प्रवाह पाण्यातून सोडून पाहिला. तेव्हा एका तारेपाशी हायड्रोजनचे व दुसरीपाशी ऑक्सिजनचे बुडबुडे निघू लागले. विजेने पाणी फुटते, हे त्या दिवशी कळले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

व्होल्टाच्या उतरंडीत एक उणीव होती. तिच्यातील धातू झिजला की ती संपली. विहीर आटली, तर आपण पावसाची वाट पाहतो. इथे पुन्हा भरण्याची सोयच नव्हती. 1803 च्या सुमारास रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने एकाच धातूच्या चकत्यांची उतरंड करून तिच्यात बाहेरून वीज सोडली, आणि तार काढल्यावर ती उतरंड थोडा वेळ स्वतःच वीज देते असे दाखवले. वाट सापडली होती. परंतु तिच्यावरून चालणारा मनुष्य भेटायला अर्धे शतक जावे लागले.

तो मनुष्य म्हणजे फ्रान्समधील गास्तों प्लांते. 1859 साली त्याने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांस लागू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, वळकटी केली आणि ती पाणी घातलेल्या गंधकाम्लात बुडवली. गंधकाम्ल म्हणजे बाजारात आपण ज्याला नुसते ‘ॲसिड’ म्हणतो ते. या वळकटीत त्याने बाहेरून वीज भरली. तार काढल्यावर वळकटीने ती वीज परत दिली. पुन्हा भरली, पुन्हा परत दिली. जितक्या वेळा हा क्रम चाले तितकी ती अधिक वीज साठवू लागे. पुढच्याच वर्षी त्याने असे नऊ घट जोडून फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. एक पत्रा तयार व्हायला मात्र फार दिवस लागत, आणि भरण्यासाठी वीज आणायची ती जुन्या, झिजणाऱ्या घटांतूनच. त्यामुळे बराच काळ हे यंत्र प्रयोगशाळेच्या फळीवरच राहिले.

1881 साली फोर या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने शिशाच्या पत्र्यावर शिशाच्याच भस्माचा लेप थापण्याची युक्ती काढली. भिंतीला गिलावा करावा तसा हा लेप. आता महिन्यांचे काम थोडक्यात होऊ लागले. त्याच वर्षी फोरचे घट पॅरिसमध्ये भरून, पेटीत घालून, सुमारे 72 तासांच्या प्रवासाने ग्लासगोला सर विल्यम टॉमसन यांच्याकडे नेण्यात आले. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले. वीज पेटीत भरून एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते, हे पाहून त्या काळची विद्वान मंडळी थक्क झाली.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. ज्या गावी वीज पोचली नव्हती, तेथे जुना वॉल्व्हचा रेडिओ बॅटरीवरच चाले. शिशाची बॅटरी असली, तर ती उतरल्यावर सायकलच्या मागे बांधून किंवा एस.टी.च्या टपावर टाकून वीज असलेल्या गावी न्यावी लागे, आणि ती भरून परत येईपर्यंत बातम्या बंद व कीर्तनही बंद. 1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली. त्या काळच्या खेड्यात ‘वीज’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा हीच जड, आंबूस वासाची पेटी असा होता.

आता या पेटीच्या पोटात काय चालते ते पाहू. भरलेल्या बॅटरीत धन बाजूच्या पट्टीवर शिशाचे तपकिरी डायऑक्साइड असते आणि ऋण बाजूच्या पट्टीवर सच्छिद्र शिसे. वीज वापरली जाते तेव्हा आम्लातील गंधकाचा अंश दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतो. दोन्हीकडे शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल पाणचट होत जाते. ग्लॅडस्टन व ट्राइब या इंग्रज रसायनज्ञांनी 1882 साली हा उलगडा केला. दिवाबत्तीच्या कंदिलात तेल संपते, तसे इथे काही संपत नाही. पदार्थ फक्त जागा बदलतात. बाहेरून उलट दिशेने वीज सोडली की ते परत आपापल्या जागी येतात. यालाच आपण चार्जिंग म्हणतो.

यावरून पहिला नियम निघतो. ताजे सल्फेट पिठीसाखरेसारखे बारीक असते, ते चटकन विरघळते. पण उतरलेली बॅटरी तशीच कोपऱ्यात ठेवली, तर त्याचे खडे होतात, आणि खडीसाखर काही पिठीसाखरेसारखी लगेच विरघळत नाही. म्हणून बॅटरी उतरली की ती होईल तितक्या लवकर, शक्यतो त्याच दिवशी भरावी. सुगी संपल्यावर ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा राहतो आणि पावसाच्या तोंडावर बॅटरी ‘मेली’ म्हणून नवी घ्यावी लागते. पुष्कळदा ती मेलेली नसते, आपण तिला उपाशी ठेवून मारलेली असते.

आम्लाच्या दाटपणावरून पोटातली स्थिती कळते. हायड्रोमीटर नावाच्या काचेच्या नळीत भरलेल्या बॅटरीचे आम्ल सुमारे 1.25 ते 1.28 दाखवते, अगदी उतरलेलीचे 1.12 च्या आसपास. बंद पेटी असेल तर ती उघडू नये, मीटरने व्होल्ट पाहावेत. काही तास स्वस्थ असलेली भरलेली बॅटरी 12.6 किंवा थोडे अधिक दाखवते. 12 च्या खाली गेली, तर ती जवळजवळ रिकामी समजावी.

मोटारीत या पेटीला मानाचे स्थान मिळाले ते अमेरिकेत. पूर्वी इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. हँडलने उलटा झटका दिला की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो बसवण्यात आला. तेव्हापासून बॅटरीचे काम ठरले: काही सेकंद शेकडो अँपिअरचा जोरकस प्रवाह द्यायचा, आणि मग इंजिनाने दिलेली वीज सावकाश परत घ्यायची. ती धावपटू आहे, हमाल नव्हे. गाडीची बॅटरी काढून रात्रभर लाउडस्पीकर व दिवे चालवले, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते ते यामुळेच. तसेच, धक्का मारून गाडी सुरू झाली आणि दोन मैल हिंडून आणली म्हणजे बॅटरी भरली असे समजू नये. रिकामी पेटी भरायला चार्जरच पाहिजे.

आता भरण्याची रीत. एक, चार्जर बॅटरीच्या व्होल्टचाच असावा. दोन, प्रवाह सौम्य असावा. बॅटरीच्या अँपिअर-तासांचा साधारण दहावा हिस्सा. 40 अँपिअर-तासांच्या बॅटरीला 4 अँपिअर, आणि वेळ सुमारे दहा ते बारा तास. तीन, आधी चिमटे जोडावेत, मग वीज सुरू करावी. काढताना आधी वीज बंद, मग चिमटे. चार, जागा मोकळी व वाऱ्याची असावी, झोपण्याची खोली किंवा गोठा नव्हे. पाच, पेटी हाताला चटका देण्याइतकी तापली, तर काम थांबवावे. आतील पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील इतके डिस्टिल्ड पाणी आधी घालावे व उरलेली पातळी भरून झाल्यावर करावी. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको, आणि ॲसिड तर मुळीच नको.

सौम्य प्रवाह आणि मोकळी जागा कशासाठी? इथे निकोल्सन व कार्लाइल पुन्हा भेटतात. बॅटरी भरत आली, की जादा वीज आम्लातील पाणी फोडू लागते. हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजन अवघा चार टक्के झाला, तरी एका ठिणगीने तो पेटतो, पेटीच्या चिंधड्या होतात आणि आम्ल चहूकडे उडते. ठिणगी विडीची असो, काडीची असो, की निसटलेल्या पान्याची; हायड्रोजनला सगळ्या सारख्याच. आत डोकावायचे असेल, तर विजेरी घ्यावी.

दुसऱ्या गाडीवरून तारा जोडण्याचा क्रमही यावरूनच ठरतो. दोन्ही गाड्या एकाच व्होल्टच्या असाव्यात. कित्येक मोठ्या ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची असते, ती 12 व्होल्टच्या जीपला जोडू नये. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकास. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास, आणि तिचे दुसरे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडाशी ठिणगी उडतेच. ती वायूपासून लांब उडावी, एवढाच हेतू. काढताना क्रम उलटा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, म्हणून जुने वाहन असेल तर आधी तिची पुस्तिका पाहावी. पेटी फुगलेली, तडकलेली किंवा गळकी असेल, तर ती भरूही नये आणि तिला तारही जोडू नये.

या कामात डोळ्यांना चष्मा व हातांना रबरी मोजे हवेत. आम्ल उडालेच, तर बाधित जागी पंधरा-वीस मिनिटे सतत स्वच्छ पाणी ओतावे, आणि डोळ्यात गेले असेल तर तसेच तडक डॉक्टरकडे जावे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच भरलेली बादली शेजारी ठेवावी.

शेवटची गोष्ट जुन्या पेटीची. शिसे हे विष आहे आणि ते लहान मुलांना सर्वांत अधिक बाधते. सेनेगल देशात डाकार शहराजवळच्या एका वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढत. 2007 च्या नोव्हेंबरपासून 2008 च्या मार्चपर्यंत तिथे अठरा मुले दगावली.  मुले त्या मातीत खेळत. आपल्याकडे 2022 च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. म्हणून ती अंगणात फोडू नये, तिचे आम्ल ओढ्यात ओतू नये; दुकानदाराला परत देऊन तिचे मोल घ्यावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात व्होल्टाची उतरंड जरूर करून दाखवा. तांब्याचे व जस्ताचे तुकडे आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद एवढ्यावर तो प्रयोग होतो आणि त्यात धोका नाही. त्याच तासाला मुलांना हेही सांगा, की ओट्यावर चार्जिंगला लावलेल्या पेटीपाशी काडी का ओढायची नाही. मुलाने घरी जाऊन ते बापाला सांगितले, तर 1800 सालचा तो शोध एका घराच्या उपयोगी पडला असे होईल.