अर्विन जाकिटाच्या शिवणी

इथे इंग्लंडात युद्धकाळातली वैमानिकांची जाकिटं अजून विकत मिळतात. मेंढीचं कातडं, लोकर आतल्या बाजूला. तेव्हा विमानात वर गारठूनच जायचे. लेस्ली अर्विन हा मूळचा अमेरिकन पॅराशूटवाला. १९२६ साली त्याने लेचवर्थला कारखाना काढला, आणि १९३० च्या दशकात हे जाकीट आलं.

मी घेतलेल्या जाकिटाच्या पाठीवर शिवणीच शिवणी. विकणाऱ्याला त्या दुरुस्त्या वाटल्या, म्हणून स्वस्तात दिलं. पण युद्ध लांबलं तशी कातड्याची काटकसर सुरू झाली, लहान तुकडे जोडून जाकिटं शिवली जाऊ लागली. ही टंचाईची शिवण!

धुतलं तर कातडं कडक होऊन तडकतं. म्हणून लोकर नुसती विंचरली, वरून ओलसर फडकं फिरवलं. कॉलरवरचा तेलकट डाग बायको काढ म्हणते. कुणाच्या तरी मानेचा असेल तो. राहू दिलाय.