वारणेचा तह (१७३१)

वारणेचा तह : सातारा व कोल्हापूर या छत्रपतींच्या दोन गाद्यांमधील वारशाचा कलह मिटवून वारणा नदी ही उभयतांची सरहद्द ठरविणारा, १३ एप्रिल १७३१ रोजी झालेला तहनामा.

पूर्वपीठिका : १७०७ साली औरंगजेब निवर्तल्यावर मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू महाराज आणि आपला पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून सात वर्षे राज्य राखणाऱ्या महाराणी ताराबाई यांच्यात दौलतीवरील हक्काचा प्रश्न उपस्थित झाला. थोरल्या शिवाजी महाराजांचे राज्य ज्येष्ठ शाखेकडे जावे, असे शाहूंच्या पक्षाचे म्हणणे. ते राज्य मोगलांनी घेतले व आम्ही नव्याने उभारले, सबब ते आमचेच, असे ताराबाईंच्या पक्षाचे. खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंस मिळाले. १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला आणि ताराबाईंनी पन्हाळ्याचा आश्रय केला. १७१४ मध्ये तेथेही सत्तांतर होऊन ताराबाईंची सवत राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले. तंटा मात्र कायम राहिला.

स्वरूप : एका गादीवर रुष्ट झालेल्या सरदारास दुसऱ्या गादीचा दरवाजा सदैव उघडा असल्यामुळे चाकरीची निष्ठा डळमळली, आणि हक्कदार दोन असताना चौथाई कोणास द्यावी, असा सवाल करून निजामाने वसुली अडविली. पालखेड येथे १७२८ त शाहूंचे पेशवे बाजीराव यांनी निजामास कोंडून मुंगी-शेवगावचा तह करविला. पुढे १७३० मध्ये शाहूंचे प्रतिनिधी श्रीपतराव यांनी वारणाकाठच्या छावणीवर छापा घालून संभाजींचा मोड केला. त्यानंतर कऱ्हाडनजीक जखिणवाडी येथे शाहू व संभाजी या चुलत बंधूंची भेट झाली.

कलमे : वारणेच्या दक्षिणेकडील मुलूख, गड व ठाणी संभाजींकडे राहावीत, तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जे जिंकले जाईल त्याची निमेनिम वाटणी व्हावी, एकाचा शत्रू तो दोघांचा शत्रू मानावा, आणि एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत. यांतील शेवटचे कलम शब्दांनी अल्प असले, तरी वैराचे मूळ छेदणारे तेच होय.

तुलना : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतही उत्तर व दक्षिण यांच्यामध्ये १८२० साली गुलामगिरीची हद्द म्हणून ३६ अंश ३० कला अक्षांशाची रेषा आखण्यात आली, आणि पळून आलेला सेवक परत करावा, असे कलम त्या देशाच्या १७८७ च्या संविधानातच होते, परंतु तेथील पळणारा हा धनी बदलणारा सरदार नसून गुलामीतून सुटू पाहणारा मनुष्य होता, म्हणून ती रेषा १८५४ मध्ये रद्द झाली आणि १८६१ त यादवी पेटली. भाऊबंदांच्या वाटणीस नदीची सीमा पुरते. माणसाच्या मुक्ततेचा प्रश्न कोणत्याही सीमेने मिटत नाही.

परिणाम : तहाने कोल्हापूरचे पृथक् अस्तित्व मान्य झाले. सातारा १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. दोन्ही गाद्यांचा अंमल सरला, तरी हरिपूरनजीक कृष्णेस मिळणारी वारणा आजही बऱ्याच अंतरापर्यंत सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांची हद्द आहे.