पट्टी कुणाच्या डोळ्यांवर?

1784 साली पॅरिसजवळच्या पासी गावात, बेंजामिन फ्रँकलिन राहत असलेल्या घराच्या बागेत, बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून जर्दाळूच्या झाडांपाशी नेण्यात आलं. बागेतल्या एका झाडात ‘प्राणिज चुंबकत्व’ उतरवलेलं होतं, निदान ते उतरवणाऱ्या डॉ. देस्लाँ यांची तशी खात्री होती. मुलगा पहिल्या झाडाला बिलगला आणि मिनिटभरात घामाघूम होऊन खोकू लागला. दुसऱ्यापाशी त्याचं डोकं दुखू लागलं, तिसऱ्यापाशी त्रास वाढला आणि चौथ्यापाशी तो शुद्ध हरपून पडला. या चारही झाडांत काहीच उतरवलेलं नव्हतं. ज्यात होतं, ते झाड चौथ्या झाडापासून सुमारे 24 फूट लांब होतं.

देस्लाँ हे फ्रान्झ मेस्मर यांचे शिष्य. विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, तो शरीरात अडला की आजार होतो आणि हात फिरवून तो वाहता करता येतो, असं मेस्मर सांगत. त्यांच्यापुढे बसलेल्या रुग्णांना झटके येत आणि मग बरं वाटे. पॅरिसमध्ये या उपचाराची इतकी चलती झाली, की सोळाव्या लुईने चौकशी मंडळ नेमलं. त्यात फ्रँकलिन यांच्यासह रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए आणि खगोलशास्त्रज्ञ बायी होते. रुग्ण बरे होतात का, या प्रश्नात ते अडकले नाहीत, कारण आजार आपोआपही बरा होतो. त्यांनी रुग्णाला ठाऊक असलेली गोष्ट आणि प्रत्यक्ष घडणारी गोष्ट यांची फारकत केली. डॉक्टर दाराआडून द्रव सोडत आहेत असं सांगितलं, की दाराआड कुणी नसताना झटके येत. डॉक्टर खरंच आपलं काम करत असत आणि रुग्णाला पत्ता नसे, तेव्हा काहीच होत नसे. द्रव नाही, हे सगळं कल्पनाशक्तीचं काम आहे, असा निर्वाळा मंडळाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिला. मला हा मानसशास्त्रातला पहिला खराखुरा प्रयोग वाटतो. मनात धरलेली अपेक्षा शरीराला बेशुद्ध पाडू शकते, हे त्या बागेत दिसलं.

पट्टी मात्र अजून फक्त रुग्णाच्या डोळ्यांवर होती. तपासणाऱ्याला सगळं ठाऊक होतं.

1835 साली न्यूरेंबर्गमध्ये होमिओपथीवरून वाद पेटला, तेव्हा गावातल्या लोकांनी एका खाणावळीत जमून तो स्वतः तपासायचं ठरवलं. क्रमांक टाकलेल्या शंभर कुप्या घेतल्या. निम्म्यांत अतिसौम्य केलेलं मीठ, निम्म्यांत बर्फाचं शुद्ध केलेलं पाणी. कुठल्या क्रमांकात काय आहे त्याची यादी मोहोरबंद केली, आणि वाटणाऱ्यालाही ती ठाऊक नव्हती. ज्या 50 जणांनी अनुभव कळवला, त्यांतल्या 42 जणांना काही जाणवलं नव्हतं. उरलेल्या आठांपैकी पाच जणांना मीठ मिळालं होतं, तिघांना नुसतं पाणी. आज शिकवतात ती दुहेरी अंध चाचणी इथे जवळजवळ पूर्ण रूपात उभी आहे. हे काम विद्यापीठात नाही, खाणावळीत झालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विद्यापीठं हळूहळू तिथवर आली. अमेरिकेत चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी 1884 च्या सुमारास वजनांतला बारीक फरक माणसाला किती जाणवतो ते मोजलं, तेव्हा वजन वाढवायचं की घटवायचं हे त्यांनी पिसलेल्या पत्त्यांवर सोपवलं. प्रयोगकर्त्याने आपल्या मनाने क्रम लावला, तर समोरचा तो ओळखू शकतो, हे त्यांनी हेरलं होतं.

मग आला हान्स, बर्लिनचा घोडा. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन निवृत्त गणितशिक्षक होते. बेरीज विचारली, तारीख विचारली, की हान्स खुरानं तेवढे ठोके देई. 1904 साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने नामवंतांनी तपासणी केली आणि लबाडी नाही असं सांगितलं. ते खरंच होतं. फॉन ओस्टेन कुणाकडून पैसे घेत नसत आणि त्यांचा घोड्यावर मनापासून विश्वास होता. श्टुम्फ यांचे सहायक ऑस्कर फुंग्स्ट यांनी पुढे एक साधी गोष्ट केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, अशी व्यवस्था केली. हान्सची अक्कल तिथेच संपली. विचारणारा दिसणार नाही अशी झापड लावली, तेव्हाही तो चुकत राहिला. प्रश्न विचारून झाला की माणूस किंचित पुढे वाकतो आणि योग्य आकडा आला की त्याचं डोकं नकळत वर उचललं जातं. घोडा ते वाचत होता. फुंग्स्टनी मग प्रयोगशाळेत स्वतः घोड्याच्या जागी बसून माणसांच्या मनातले आकडे ठोकून दाखवले. हालचाल करू नका असं बजावल्यावरही ती पुरती थांबवणं माणसांना जमेना. 1907 साली त्यांचं पुस्तक आलं. फॉन ओस्टेन यांनी ते निष्कर्ष कधीच मानले नाहीत.

पट्टी लबाडांना पकडण्यासाठी असते, असा आपला समज असतो. हान्सच्या अंगणात कुणीच लबाड नव्हतं. प्रामाणिक माणसाच्या शरीरातूनही उत्तर झिरपतं, म्हणून पट्टी प्रामाणिकांनाच जास्त लागते.

त्याच काळात केंब्रिजचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स, म्हणजे निलगिरीतल्या तोडा लोकांवर ग्रंथ लिहिणारेच, कॅफीन आणि मद्याचा थकव्यावर होणारा परिणाम तपासत होते. त्यांनी चवीवरून ओळखू येणार नाही असं बनावट पेय तयार करून घेतलं. जुन्या अभ्यासांतला काही परिणाम औषधाचा नसून ते घेतल्याच्या जाणिवेचा असावा, ही शंका त्यांनी 1908 च्या पुस्तकात मांडली.

तरी संशोधकाने स्वतःवर संशय घ्यायला आणखी अर्धं शतक गेलं. 1963 साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोड यांनी बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. सहा जणांना सांगितलं, तुमचे उंदीर भूलभुलैयात हुशार निघणाऱ्या वाणाचे आहेत. उरलेल्या सहांना सांगितलं, तुमचे मंद वाणाचे. उंदीर सगळे सारखेच होते. ‘हुशार’ उंदीर खरोखर सरस ठरले, आणि ज्यांना ते मिळाले होते त्या विद्यार्थ्यांनी त्यांना जास्त मायेनं हाताळलं होतं.

या वंशावळीची एक शाखा पुण्यात आहे. पत्रिकेवरून बुद्धिमत्ता सांगता येते का, हे तपासण्यासाठी जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः पूर्वी ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे एकत्र आले. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका मांडल्या, सांकेतिक क्रमांक देऊन मिसळल्या. कुठली पत्रिका कुणाची, हे ज्योतिषांना कळणार नव्हतं आणि प्रयोग करणाऱ्यांनाही नाही. प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून वीसच्या आसपास बरोबर येतील, तिथे त्यांची सरासरी 17.25 आली. सगळ्यांत चांगला निकाल चोविसांचा होता. एका संस्थेने दोनशेही पत्रिका मागवून घेतल्या आणि तिची 102 उत्तरं बरोबर आली. या प्रयोगावरचा निबंध 2009 साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.