गोदावरीचे डोह आणि माशांची नावे



पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान लोहमार्गावर चुडावा नावाचे एक लहानसे स्थानक लागते. परभणी जिल्ह्यातील हे गाव इतिहासाच्या ग्रंथांत सहसा आढळावयाचे नाही. परंतु येथून गोदावरी दूर नाही. आणि तिच्या डोहांत असा एक इतिहास साठलेला आहे, की जो ताम्रपटावर कोरला गेला नाही आणि बखरीतही उतरला नाही. तो माशांच्या नावांत राहिला आहे.

पावसाळ्यात नदी पात्र सोडून ओढ्यांत व सखल रानांत शिरते. मासेही तिच्याबरोबर बाहेर पडतात. पुष्कळ जाती त्या उथळ, उबदार पाण्यात अंडी घालतात व पिलांना तेथे अन्न मिळते. पूर ओसरला, की जो तो सापडेल त्या डोहाचा आश्रय घेतो. उन्हाळ्यात धार तुटली, म्हणजे प्रत्येक डोह एक वेगळे तळेच बनतो. पाण्यातील प्राणवायू घटला तरी मरळ वर येऊन हवेतून श्वास घेते आणि तगते. इतर पुष्कळांना ते साधत नाही. म्हणून एकाच पुराने भरलेल्या दोन डोहांतील मासळी वैशाखात सारखी राहत नाही. दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीकाठच्या तळ्यांतही असेच दिसून आले आहे. तेथे पाणी नितळ असेल तर डोळ्यांनी भक्ष्य हेरणारे मासे वाढतात, आणि गढूळ असेल तर मिशांनी चाचपणारे. पूर हाच अशा नद्यांचा प्राण होय, हा सिद्धान्त शास्त्रज्ञांनी १९८९ साली मांडला. आमच्या भोयांना तो जाळ्याने पूर्वीच शिकविला होता.

ही विद्या जुनी आहे. हा मुलूख ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, त्यांच्यापैकी तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील 'मत्स्यविनोद' या प्रकरणात सुमारे ३५ प्रकारच्या माशांची माहिती असून कोणत्या माशास कोणते आमिष घालावे, याचाही विचार आहे. एवढा तपशील राजाला सिंहासनावर बसून कळला नसावा. त्यामागे कोणी तरी पाण्यात उभा राहणारा मनुष्य असला पाहिजे. त्याचे नाव मात्र ग्रंथात नाही.

पुढे सात शतकांनी तेच घडले. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल सायक्स यांनी पुण्याकडील नद्यांचे मासे गोळा केले आणि १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे दख्खनच्या ४६ जातींचे वर्णन सादर केले. नवी शास्त्रीय नावे देताना त्यांनी पुष्कळदा स्थानिक नावेच लॅटिनमध्ये बसविली. खुदरी, कोळस, शिंगाळा ही नावे आजही जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत किंचित बदललेल्या रूपाने नांदत आहेत. हे मासे गोदावरीचेही रहिवासी होत. कर्नलसाहेबांचे नाव या जातींच्या पुढे कायमचे लागले. ज्यांनी ती नावे त्यांना सांगितली, ते येथेही अनामिकच राहिले.

या अनामिकांशी मीही न्यायाने वागलो नाही. शाळेत एकदा मी मुलांना नदीतील माशांची नावे लिहावयास सांगितली. एका भोयाच्या मुलाने अकरा नावे लिहिली. त्यांतील दोनच पुस्तकात होती. म्हणून मी त्याला दोनच गुण दिले. तो काही बोलला नाही. सायक्स यांची हकीकत पुढे वाचनात आली, तेव्हा त्या नऊ नावांची मला आठवण झाली. पण वही केव्हाच रद्दीत गेली होती.

आता ती नावे विचारावयास जावे, तर डोहही पूर्वीचे राहिले नाहीत. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले. गोदावरीवर आणि पूर्णेवर बांध पडले. शेतीला पाणी मिळाले, हे कोणीही नाकारू नये. तथापि पुराची नेमाची ये-जा मंदावली. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने माशांची अंडी मिळविली. त्या शोधामुळे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तलावोतलावी पोहोचले आणि लोकांचे अन्न वाढले. परंतु बाजारात आता हीच तीन-चार नावे ऐकू येतात. ज्या माशाला गिऱ्हाईक नाही, त्याचे नाव उच्चारण्याचे कारणही उरत नाही. आणि नाव गेले, की तो मासा नाहीसा झाल्याची वार्ताही कोणी देत नाही.

म्हणून आपणांस एक विनंती आहे. आपल्या गावाजवळ नदी असेल, तर सुट्टीत मुलांना घेऊन तिच्या काठी जावे. एखाद्या वृद्ध भोयाजवळ बसून माशांची नावे लिहून घ्यावीत, आणि ती कोणी सांगितली त्या मनुष्याचे नाव यादीच्या आरंभी घालावे. ते काम माझ्या हातून व्हावयास हवे होते.