‘कुंकू’ (१९३७): विवाहबंधन, कायदा आणि सुटकेचा मार्ग

प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ हा चित्रपट १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला असून ‘दुनिया न माने’ या नावाने त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. जरठ-कुमारी विवाहावरील टीका, असाच त्याचा परिचय सामान्यतः करून दिला जातो. तथापि तत्कालीन विवाहविषयक कायद्याच्या संदर्भात पाहिल्यास त्याच्या शेवटाला निराळा अर्थ प्राप्त होतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गो. ब. देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकात वृद्ध वराचा विवाह सगोत्रतेच्या कारणावरून मोडतो. शारदेची सुटका विवाह पूर्ण होण्यापूर्वीच होते. ‘कुंकू’मधील नीरेचे (शांता आपटे) लग्न मात्र फसवणुकीने लागून जाते. त्यामुळे येथे प्रश्न लग्न टाळण्याचा नसून लागलेल्या लग्नातून बाहेर पडण्याचा आहे. वृद्ध विधुर काकासाहेबांना (केशवराव दाते) पती मानण्यास ती ठाम नकार देते. अशाच नकाराबद्दल १८८७ मध्ये न्यायालयाने रखमाबाईंना पतीकडे नांदावयास जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावास भोगण्याचा आदेश दिला होता.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविले. वधूवरांच्या वयातील अंतराविषयी तो मौन होता. अनेक जातींत काडीमोडीची रूढी होती. परंतु ब्रिटिश मुलखातील उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला घटस्फोटाची तरतूद उपलब्ध नव्हती. १८५६ च्या कायद्याने विधवेला मात्र पुनर्विवाहाची मुभा दिली होती. म्हणजेच जी मोकळीक विधवेला होती, ती सधवेला नव्हती.

काकासाहेब व्यवसायाने वकील आहेत, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. पश्चात्तापानंतर नीरेला मोकळे करण्यासाठी ते आत्महत्या करतात. हा शेवट भावनाप्रधान वाटला, तरी पत्नीला बंधमुक्त करण्यास कायद्याने पतीपुढे दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता, हे विसरता येत नाही. त्याचबरोबर एक मर्यादाही नोंदविली पाहिजे: बंड नीरेचे असले, तरी सुटकेचा निर्णय पतीच्याच हाती राहतो.

मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आणि देशपातळीवर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटास मान्यता मिळाली. ‘कुंकू’ त्या कायद्यांचे कारण होते असे म्हणता येणार नाही; त्यांच्या अभावाची किंमत काय होती, याचे मात्र ते एक बोलके साधन आहे.